डब्यातलं क्लॅरिनेट

जगात फुंकणारी माणसं दोनच प्रकारची, असं चांदभाई मास्तरांचं मत होतं. एक ते स्वतः आणि दुसरी चहा गार करणारी. तळेगाव ढमढेऱ्यात हे मत सगळ्यांना पाठ होतं, कारण मास्तर ते कुणापासून लपवून ठेवत नसत. बाजाराच्या दिवशी स्टँडासमोरच्या हॉटेलात बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. बँजोवाला म्हणजे तारांवर टाइपिंग करणारा कारकून. डीजेवाला हा वादकच नव्हे, ते वीज कंपनीचं मोठं गिऱ्हाईक. आणि कीबोर्डवाला? कीबोर्डवाल्याचं नाव निघालं की मास्तर चहाची बशी खाली ठेवत, म्हणजे थुंकायला तोंड मोकळं व्हायचं.

असं बोलण्याचा हक्क त्यांनी कमावला होता, हेही खरं. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत, भीमेच्या अल्याडपल्याड, एकेकाळी कुठलंही मोठं लग्न त्यांच्या क्लॅरिनेटशिवाय लागत नसे. न्यू सितारा ब्रास बँडच्या लाल कोटवाल्यांपुढं मास्तर चालायचे, गाल फुगलेले, डोळे अर्धे मिटलेले. नवरी सासरी निघाली की हात वर करून ते सगळा बँड गप्प करायचे आणि एकटे वाजवायचे. त्यांचा सूर आधी नुसता श्वास म्हणून यायचा, मग त्या श्वासाचा आवाज व्हायचा आणि तो आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर असा घसरत जायचा की नवरीची आई तर रडायचीच, पण वाढपीसुद्धा हातातली पळी तशीच धरून उभे राहायचे.

मग बँड मोडला. ट्रंपेटवाला रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला, युफोनियमवाल्यानं चिकन सेंटर काढलं. मास्तरांनी दोघांशीही बोलणं टाकलं. सगळ्यात जास्त राग मात्र त्यांना दत्ताचा होता. या दत्ताला त्यांनीच बँडात घेतलं होतं आणि फुंकता येत नाही, बडवता येत नाही म्हणून हातात खुळखुळा दिला होता. तोही तो तालात हलवत नसे. आज त्याच दत्ताची बँजो पार्टी होती. टेम्पोवर भोंग्यांची भिंत, भोवती लाइटी आणि मधोमध गॉगल लावून, एका बोटानं कीबोर्ड वाजवणारा दत्ता.

आता मुलाचं बघा. मास्तरांनी मुजीबला लहानपणी क्लॅरिनेट हातात दिलं, तर त्यानं ते वाजवायच्या आधी खोललं. आत काय आहे ते बघायला! आत काय असणार? आत हवा असते, गाढवा, आणि ती आपण घालायची असते. त्या दिवशी मास्तरांनी मुलाच्या नावावर फुली मारली. पुढं मुजीब आयटीआय झाला, रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला, कंपनीच्या बसनं जाऊ-येऊ लागला, त्याची तिथं तारीफ व्हायची, बिघडलेलं मशीन तो हात लावून चालू करतो म्हणायचे. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. मशीन काय, लाथ मारली तरी चालू होतं.

तर या मुजीबनं एके दिवशी पुण्याहून एक हिरवी पट्टी आणली. पत्त्यांच्या जोडाएवढी, वर चिपा आणि पिना. तो म्हणाला, हा अख्खा कॉम्प्युटर आहे. रास्पबेरी पाय म्हणतात याला, यातून सनई, क्लॅरिनेट, काहीही वाजवता येतं.

"नाव पाय आन् काम फुंकायचं?" मास्तर म्हणाले. "उद्या चपला घालशील त्याला."

मुजीब हसला. तो बापाच्या बोलण्याला असाच हसायचा आणि त्याचाही मास्तरांना संताप यायचा. सुट्टीच्या दिवशी तो ओट्यावर बसून, ती हिरवी पट्टी आत बसवायला, स्टीलच्या जेवणाच्या डब्याला भोकं पाडायचा. एका भोकात कीबोर्डची वायर, एकात भोंग्यांकडं जाणारी, एकात बारका पंखा. दत्तानंच त्याला हे काम सांगितलं होतं. दत्ताच्या जुन्या कीबोर्डचे आवाज लोकांना नकोसे झाले होते आणि नवा भारीतला घ्यायची त्याची तयारी नव्हती.

"कीबोर्डाचा आवाज आपल्याला नकोच, अब्बा," मुजीब समजावून सांगायचा. "कीबोर्डातनं फकस्त निरोप येतो. कुठली पट्टी दाबली, किती जोरानं दाबली, कवा सोडली. त्या निरोपाला मिडी म्हणत्यात. डबा निरोप घेतो आन् आपण त्यात भरलेला आवाज काढतो. सनई भरा, सनई वाजंल. तबला भरा, तबला वाजंल."

"आन् अक्कल भरली तर?"

पहिल्यांदा डबा जोडला तेव्हा मास्तर मुद्दाम खुर्ची टाकून बसले होते. मुजीबनं कीबोर्डची पट्टी दाबली. काही नाही. मग, पट्टी सोडायच्या सुमाराला, आवाज आला. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मंगलाष्टका झाल्यावर वाजंल ह्यो! पोरगी नांदायला जाऊन बाळंत होईल, मंग हा तिची वरात वाजवील!" मुजीबनं मान खाली घालून वेगळं साउंड कार्ड आणलं, काय काय बदललं आणि पुढच्या आठवड्यात बोट पडलं की आवाज, असं करून दाखवलं. त्या दिवशी मास्तरांनी खुर्ची टाकली नाही.

अडलं ते क्लॅरिनेटपाशी. इंटरनेटवरून फुकट मिळालेलं क्लॅरिनेट मुजीबनं डब्यात भरलं होतं. दत्तानं ते ऐकून तोंड वाकडं केलं. ओट्यावर बसून, मास्तर घरात ऐकत आहेत हे ठाऊक असताना, तो मोठ्यांदा म्हणाला, "हे पिपाणीवानी वाजतंय, मुजीब. लोक अजून इचारत्यात, मास्तरांचं क्लॅरिनेट हाय का म्हणून. मास्तरांचाच सूर भर की ह्याच्यात."

मुजीबनं ते मनावर घेतलं. त्याला आणखी एक कारण होतं. मास्तरांच्या हिरड्यांत पू होत होता आणि शिरूरच्या दातांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की सगळे दात काढून कवळी बसवावी लागेल. "दात काढायच्या आधी एकदा वाजवा, अब्बा," मुजीब म्हणाला. "तुमचं कुठंच काय न्हाई. एक कॅसेटबी न्हाई. माझ्यापाशी तरी ऱ्हाईल."

हे शेवटचं वाक्य त्यानं डब्याकडं बघत म्हटलं. मास्तरांनी ते ऐकलं, त्यांना बरंही वाटलं आणि बरं वाटलं म्हणून ते तडकले. "मी काय मरायला टेकलोय? कवळी बसली की दुप्पट वाजवीन. पण हाय तुझी हौस, तर घे."

मागच्या खोलीत मुजीबनं भिंतींवर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, कोंबड्या पाटीखाली झाकल्या आणि मध्ये माइक उभा केला. मास्तर लाल कोट घालून आले. कोट उसवला होता, पण बटणं चमकत होती. क्लॅरिनेटच्या पेटीतली सगळ्यात चांगली पत्ती, सूर जिच्या थरथरण्यातून निघतो ती वेताची पातळ चकती, त्यांनी जिभेवर भिजवून फुंकायच्या तोंडीला बांधली होती. मनात ठरलं होतं की नवरी निघतानाची धून वाजवायची, अशी वाजवायची की पोराच्या डोळ्यातनं पाणी यावं आणि त्यानं डबा भिंतीवर आपटावा.

"धून नको, अब्बा," मुजीब म्हणाला. "नुसते सूर पायजेत. एकेक सुटा. आधी हळू, मंग मधला, मंग जोरात. खालच्यापासनं वरपर्यंत."

"आन् गाणं?"

"गाणं दत्ता वाजवील की. पट्ट्या दाबून."

 म्हणजे फुंकायचं चांदभाईनं आणि वाजवायचं खुळखुळावाल्यानं! चाळीस वर्षांचा श्वास काढून द्यायचा आणि त्या श्वासावर तो गॉगलवाला एक बोट ठेवणार. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.  ते पुन्हा पेटीपाशी गेले आणि त्यांनी चांगली पत्ती काढून चिरलेली, टाकून द्यायची राहिलेली पत्ती बांधली.

मग त्यांनी वाजवलं. ओठ ढिला सोडला. पोटातला दम पोटातच ठेवला, नुसता गालातला वारा सोडला. प्रत्येक सूर जरासा खाली ठेवला, इतकाच खाली की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस थकलाय. असं वाजवणं सोपं नसतं. वाईट वाजवायलाही हात लागतो आणि तो मास्तरांकडं होता. मनातल्या मनात ते दत्ताला म्हणत होते, घे, हे घे, ह्यावर ठेव तुझं बोट. दोन तालुक्यांसमोर तोंडघशी पड.

मुजीब कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर डोळे रोखून बसला होता. प्रत्येक सुरानंतर तो मान न वळवता म्हणायचा, "चांगलं आलं, अब्बा."

मेलेल्या सुराला चांगलं म्हणतो! मास्तरांना हसू आवरेना. पोटी बहिरं पोर निघालं, ते एका अर्थी बरंच झालं. बहिऱ्याला फसवल्याचं पापही लागत नाही.

बाहेर अंगणात मास्तरांची बायको अकिला मेथी निवडत होती. लग्न झाल्यापासून ती हे क्लॅरिनेट ऐकत आली होती, स्वयंपाक करताना, झोपेत, भांडताना. मास्तर कोट काढत बाहेर आले तेव्हा तिनं वर न बघता विचारलं, "हे काय वाजवलंत?"

"डब्याला पुरंल एवढं वाजवलं."

"पोरगं सुट्टी टाकून बसलंय त्यासाठी."

"मंग सांग त्याला."

"मी न्हाई सांगायची," अकिला म्हणाली. "घाण तुम्ही केली, तुम्हीच सांगा." आणि तिनं मेथीच्या काड्या उचलून शेळीपुढं टाकल्या. मास्तर खाकरले आणि हॉटेलात निघून गेले. तिथं त्यांनी त्या दिवशी कीबोर्डवाल्यांबद्दल नेहमीपेक्षा बरीच दिलदारी दाखवली.

दात निघाले. हिरड्या भरून आल्यावर कवळी बसली. शिरूरचा डॉक्टर म्हणाला होता, सगळं खाल, सगळं बोलाल. वाजवाल असं तो म्हणाला नव्हता, पण मास्तरांनी ते त्यात धरलं होतं. क्लॅरिनेट तोंडात धरताना वरचे दात तोंडीवर टेकवावे लागतात, सगळा भार त्यांच्यावर असतो. हे डॉक्टरला कुठून ठाऊक असणार? तो काय, दगड काढणारा वडार.

एका दुपारी घरात कुणी नसताना मास्तरांनी पेटी उघडली. चांगली पत्ती बांधली, डोळे अर्धे मिटले, फुंकर घातली. कवळी पुढून उचलली गेली आणि मागून टाळूला टोचली. चीं करून एक आवाज निघाला, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. त्यांनी कवळी चिकटवायची पावडर लावून पाहिली. कवळी काढून नुसत्या हिरड्यांवर धरून पाहिलं, तेव्हा ओठांच्या कोपऱ्यांतून वारा सुटला आणि फुस्स झालं. ते तासभर फुंकत राहिले. मग त्यांनी रोज, कुणी नसलं की, फुंकून पाहिलं. महिना गेला. एक सूरही, एक साधा सूरही लागला नाही.

आता त्यांना धास्ती बसली. त्यांनी मुजीबच्या मोबाइलवर पुतणीच्या लग्नाचा जुना व्हिडिओ लावायला सांगितला. त्यात ते स्वतः होते, लाल कोटात, गाल फुगलेले, बोटं पळणारी. आणि वर आवाज होता एका सिनेमाच्या गाण्याचा. व्हिडिओवाल्यांची रीतच ती. वरातीचा खरा आवाज काढून टाकायचा आणि त्यावर सिनेमाचं गाणं चिकटवायचं, म्हणजे कॅसेट बघायला गोड लागते. शेकडो घरांतल्या शेकडो कॅसेटांत चांदभाई मास्तर असेच फुंकत होते आणि कुठंच ऐकू येत नव्हते.

म्हणजे त्यांचं जगात जे काही उरलं होतं, ते त्या स्टीलच्या डब्यात होतं. आणि ते तसलं होतं!

मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. कान काय सगळ्यांचेच मेलेले नाहीत. ज्यानं खरं ऐकलंय तो एका सुरात ओळखेल की हे चांदभाई नव्हेत, आणि बोलेल तसं. असे कान म्हटल्यावर त्यांना एकच माणूस आठवला. दौंड तालुक्यातल्या राहू गावचे भिमाजी आबा. आबांनी आपल्या थोरल्या लेकीला सासरी वाटे लावताना मास्तरांची धून ऐकून भर मांडवात डोक्यावरचा फेटा उतरवून मास्तरांच्या डोक्यावर ठेवला होता. तो फेटा अजून पेटीत होता. आख्ख्या दोन तालुक्यांत मास्तर ज्याला मान देत, असा हा एकच माणूस. आणि आता आबांच्या नातीचं लग्न होतं आणि बँजो पार्टी होती दत्ताची.

"मीबी येणार," मास्तर म्हणाले. दत्तानं त्यांना टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि मास्तरांनी भीमेच्या पुलापर्यंत त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही.

राहूला लग्न दुपारचं होतं. मांडवात वऱ्हाडी कूलरपुढं गर्दी करून बसले होते. दत्तानं डबा कीबोर्डशेजारी ठेवला, मुजीबनं वायरी जोडल्या. जेवणावळी उरकल्या, ऊन कललं आणि नवरी निघायची वेळ झाली. दत्तानं माइक हातात घेतला.

"मंडळी, आता ऐका! तळेगावचे चांदभाई मास्तर! ओरिजनल क्लॅरिनेट! मास्तर स्वता इथं हजर हायेत!"

टाळ्या पडल्या. मास्तर आबांच्या खुर्चीशेजारी बसले होते. आबा आता बरेच थकले होते, पण डोक्याला फेटा तसाच होता. मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडं नजर लावली. दुसरं काहीच बघायचं नव्हतं. दत्तानं एक बोट पट्टीवर ठेवलं.

भोंग्यांमधून सूर निघाला. मास्तरांना तो लगेच ओळखू आला, कुठल्या पत्तीचा, ओठ किती ढिला. मुजीबनं तो ताणून वर नेला होता, त्यामुळं तो खाली नव्हता, पण आत जीव नव्हता. मागं श्वास नव्हता, घसरणं नव्हतं. एक सूर संपायचा, दुसरा सुरू व्हायचा, मधल्या जागेत काहीच नाही. नवरीच्या धुनेचा असा मुडदा त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता आणि तो त्यांनीच पाडला होता.

आणि बायका रडायला लागल्या. नवरीची आई रडली, करवल्या रडल्या. वाढपी हातात पळी धरून उभे राहिले. कुणीतरी मास्तरांच्या खांद्यावर थाप मारून म्हणालं, वा! मास्तरांनी दात, म्हणजे कवळी, आवळून धरली. रडा, मेंढरांनो. तुम्हाला पिपाणी वाजवली तरी तुम्ही रडाल, कारण तुम्ही क्लॅरिनेटला रडतच नाही, पोरगी चालली म्हणून रडता. ते आबांकडं बघत राहिले. आता आबा मान हलवतील. आता म्हणतील, बंद करा.

भिमाजी आबांचे डोळे भरले होते. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला.

"तेच," ते म्हणाले. "तंतोतंत तेच, चांदभाई. थोरलीला वाटे लावलं तवाचंच. काय फरक न्हाई बघा."

मास्तर आबांच्या तोंडाकडं बघत राहिले. काय फरक नाही! मग तो फेटा कशाचा होता? ऊन लागलं म्हणून काढला होता? चाळीस वर्षं ते या कानांसाठी श्वास जाळत होते आणि या कानांना पोटातला दम आणि गालातला वारा एकच होता. त्यांना आबांची किळस आली, मांडवाची आली आणि मग, त्यांनी पुष्कळ अडवलं तरी, ती फिरून स्वतःवर आली. कारण आता आबा जातील, ही सगळी मेंढरं जातील, आणि पुढं ज्यांनी चांदभाईला कधी ऐकलंच नाही त्यांना कुणीतरी हा डबा वाजवून दाखवील. हे बघा, असे वाजवायचे चांदभाई मास्तर.

 परत येताना टेम्पोत दत्तानं दोनदा विचारलं, कसं झालं. मास्तर म्हणाले, "पुढं बघून चालव." टेम्पो ड्रायव्हर चालवत होता.

दुसऱ्या दिवशी मुजीबला दुपारची शिफ्ट होती. सकाळी तो ओट्यावर डबा उघडून ब्रशनं धूळ काढत बसला होता. अकिला पलीकडं सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मास्तर येऊन मुलासमोर बसले. असं ते कधी बसत नसत.

"ते क्लॅरिनेट पुसून टाक," ते म्हणाले.

"कुठलं?"

"माझं. डब्यातलं. काढून टाक."

"काल सगळी एवढी तारीफ करत व्हती, अब्बा. आबा सवता..."

"आबाला काय कळतंय! ते माझं न्हाई. मी तसा वाजवत न्हाई." इथवर जोरात आलं. पुढचं वाक्य त्यांनी रात्रभर जुळवून ठेवलं होतं: मी मुद्दाम घाण वाजवलं, तुझं काम मी बरबाद केलं. ते ओठापर्यंत आलं आणि कवळीमागं अडकलं. अकिलाचा हात सुपात हळू झाला होता.

मुजीबनं ब्रश खाली ठेवला.

"मला म्हाईत हाय, अब्बा," तो म्हणाला. "मला त्याच दिशी कळलं व्हतं."

"काय कळलं व्हतं?"

"मी लहानपणापासनं ऐकतोय की तुम्हाला. तुम्ही वाजवता कसं ते मला म्हाईत न्हाई व्हय?" त्याला बोलणं जड जात होतं. तो डब्यातल्या हिरव्या पट्टीकडं बघत होता. "त्या दिशी पयल्याच सुराला कळलं. सूर उतरत व्हता. दम पुरत न्हवता. मला वाटलं, अब्बांच्यानं आता व्हत न्हाई. तुमच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं न्हाई, म्हणून लॅपटॉपकडं बघत बसलो. म्हणून म्हणत ऱ्हायलो, चांगलं आलं."

मास्तरांनी तो ब्रश उचलला आणि परत होता तिथंच ठेवला.

"मंग रोज ड्युटीवरनं आल्यावर बसायचो," मुजीब म्हणाला. "एकेक सूर वर वढून घेतला. जेवढा सुधारता आला तेवढा सुधारला. लोकांपुढं तुमची मान खाली जाऊ नये एवढंच. पण जीव मला घालता आला न्हाई त्याच्यात. ते यंत्रानं व्हत न्हाई."

 मास्तरांपुढं आता दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं, म्हणजे हा पोरगा, बहिरा म्हणून ज्याच्यावर त्यांनी फुली मारली होती, ज्याचे कान, अकिलाचे सोडले तर, आख्ख्या दोन तालुक्यांत एकटे जागे होते, त्याला सांगायचं की तू ज्याची लाज राखत बसलास तो म्हातारा तुझ्यावर हसत होता. नाहीतर पोराला वाटलं तेच खरं म्हणायचं. उभ्या जन्मात त्यांनी आपल्या वाजवण्याला कधी कमी म्हटलं नव्हतं, कुणाला म्हणू दिलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "दम ऱ्हायला न्हवता."

अकिलानं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. मग ती पुन्हा खडे वेचू लागली.

"मंग ऱ्हाऊ द्यू का?" मुजीबनं विचारलं. "दुसरं काय न्हाई आपल्यापाशी."

"ऱ्हाऊ दे."

मुजीबनं डब्याचं झाकण लावलं, वायरी जोडल्या आणि सगळं नीट चालतंय का ते बघायला कीबोर्डची एक पट्टी दाबून धरली. तो मेलेला सूर ओट्यावरून अंगणात गेला. मास्तर जागचे उठले नाहीत. त्यांनी तो संपेपर्यंत ऐकला.

"चांगला आलाय," ते म्हणाले.